नियम सारखे बदलत्यात म्हणून कंपन्या रॅली सोडत्यात, का कारण दुसरंच हाय?

घाटवेडा_सातारा

राम राम मंडळी. मी डब्ल्यूआरसी (म्हणजे गाड्यांच्या रॅलीची जागतिक चॅम्पियनशिप) बघायला लागलो ते फोक्सवॅगन पोलोमुळं, २०१३ ला. आपल्याकडं पण रस्त्यावर पोलो दिसायची त्यामुळं आपली गाडी जिंकतीय असं वाटायचं, बाकी त्या गाडीत आणि हितल्या गाडीत नावाशिवाय काय सारखं होतं देव जाणे. चार वर्षं लागोपाठ त्यांचा ड्रायव्हर ओजिए चॅम्पियन, आणि २०१६ च्या नोव्हेंबरात कंपनीनं गाशा गुंडाळला. ते पण २०१७ च्या नवीन नियमाची गाडी बनवून, टेस्टिंग करून तयार असताना! मग २०१९ संपल्यावर सिट्रोएन गेली. २०२२ ला हायब्रिड आणलं, म्हणे आता नवीन कंपन्या येणार, आली का एक तरी? टोयोटा, ह्युंदाई आणि एम-स्पोर्टवाल्यांची फोर्ड, हेच तिघं. आणि २०२५ ला हायब्रिड काढून पण टाकलं. आता २०२७ ला परत सगळं नवीन.

आमच्या ग्रुपात यावरून रोज कालवा असतो. एक म्हणतो नियम दहा वर्षं बदलूच नका, कंपन्या आपोआप येतील. दुसरा म्हणतो ग्रुप बी, म्हणजे ८० च्या दशकातला तो बेफाम गाड्यांचा वर्ग, परत आणा (त्याचं वय १९ हाय, सोडून द्या). मला खरंच समजून घ्यायचंय, नियम बदलला की कंपन्या येत्यात का जात्यात? जाणकारांनी जरा इस्कटून सांगा.

आणि यवतेश्वर घाटात रात्री सायलेन्सर काढून फिरणाऱ्यांनी इथं ज्ञान देऊ नये ही विनंती.

कराडचा_गिअरबॉक्स

भावा प्रश्न चांगला हाय पण उत्तर "येत्यात का जात्यात" एवढ्यात बसत नाय. रॅलीत नियम म्हणजे इंजिन केवढं आणि वजन किती एवढंच नसतं, सगळ्यात मोठा नियम असतो होमोलोगेशनचा, म्हणजे रॅलीत ती गाडी पळवायची तर बाजारात किती गाड्या बनवून दाखवायच्या. कुठली कंपनी येणार हे तो आकडा ठरवतो.

आता बघ. १९७९ ला फोर व्हील ड्राइव्हला परवानगी मिळाली, बाकीच्यांनी लक्ष दिलं नाय, म्हणाले वजन वाढतंय कशाला. ऑडीनं क्वाट्रो आणली, १९८१ पासून डब्ल्यूआरसीत, १९८२ ला कंपन्यांची चॅम्पियनशिप घेतली. म्हणजे एका ओळीच्या नियमानं एक कंपनी आली आणि तिचं नाव पण झालं, आज पण ऑडी त्या क्वाट्रो नावावर गाड्या विकतीय. मग ग्रुप बी, तिथं २०० गाड्या बनवल्या की काम झालं. २०० गाड्या म्हणजे कुठल्या पण कंपनीला जमण्यासारखं, म्हणून प्यूजो, लान्सिया, फोर्ड, ऑस्टिन रोव्हर सगळे उतरले. गाड्या रस्त्यावरच्या गाडीसारख्या फक्त बाहेरून दिसायच्या, इंजिन मध्ये, सीटच्या मागं. पुढचं सगळ्यांना माहिती हाय, १९८६ ला पोर्तुगालमध्ये गाडी गर्दीत घुसली, त्याच वर्षी मे महिन्यात कोर्सिकाला टोइव्होनेन आणि त्याचा को-ड्रायव्हर क्रेस्टो गेले, आणि १९८७ पासून ग्रुप बी बंद. ज्या १९ वर्षाच्या मित्राला ते परत पाहिजे त्याला पोर्तुगालचा व्हिडिओ दाखव, लोकं पळत्या गाडीला हात लावायला बघायची.

आणि इथंच तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हाय. फोर्डनं आरएस२०० च्या २०० गाड्या बनवल्या आणि एक सीझन नीट खेळायच्या आत वर्गच गायब. प्यूजो तर चिडून कोर्टात गेली आणि मग ग्रुप बीची तीच २०५ गाडी घेऊन डाकार रॅलीला निघून गेली, तिकडं १९८७ ते १९९० सलग जिंकत बसली.

त्यानंतर ग्रुप ए. आता ५००० गाड्या बनवा म्हणाले. टर्बो, फोर व्हील ड्राइव्ह, ५००० गिऱ्हाइकं, वर्षात. हे परवडणार कुणाला? लान्सियानं डेल्टा बरोबर वेळेला तयार ठेवलेली, १९८७ ते १९९२ सलग सहा टायटल. बाकी युरोपियन कंपन्या नुसत्या बघत बसल्या, आणि हळूहळू जपानी आले, सेलिका जीटी-फोर, इम्प्रेझा, लॅन्सर इव्हो. पुढं आकडा २५०० वर आणला तेव्हा फोर्डची एस्कॉर्ट कॉसवर्थ पण आली. आज जुन्या इव्होला, इम्प्रेझाला लोक सोन्याचा भाव देत्यात, ती गाडी जन्मालाच आली त्या नियमामुळं.

आणि मग १९९७. हा माझा आवडता भाग. वर्ल्ड रॅली कार नावाचा नियम आणला, म्हणजे मूळ मॉडेल २५,००० बनलं पाहिजे, मग ते साधं फ्रंट व्हील ड्राइव्ह का असेना, टर्बो आणि फोर व्हील ड्राइव्ह रॅलीच्या गाडीत वेगळं बसवा. बास, ज्यांच्याकडं रस्त्यावर तशी गाडीच नव्हती ते सगळे धावत आले. प्यूजो, स्कोडा, सेआट, ह्युंदाई, सिट्रोएन. टोयोटा कोरोला घेऊन परत आली. एका वेळेला सहा-सात कंपन्या. प्यूजोची २०६ तर लांबीला कमी पडत होती, नियम म्हणायचा किमान ४ मीटर पाहिजे. मग काय केलं, तर लांब बंपर लावून २०६ जीटी नावाची ४००० गाड्यांची खास आवृत्ती बाजारात आणली, बंपरसकट ४ मीटर भरले, आणि २०००, २००१, २००२ तीन टायटल घेतली. आपल्याकडं बरोबर उलटं, ४ मीटरच्या आत बसली की टॅक्स कमी म्हणून २०१२ ला डिझायरची डिकी छाटली. तिकडं बंपर वाढवला, इकडं डिकी कापली, दोन्हीकडं डिझाइनवाल्याच्या हातात टेप आणि समोर नियमाचं पुस्तक.

मिरजेचा_डबा

वरची पोस्ट भारी आहे पण मला अर्धीच पटली. येताना नियम बघून येत्यात हे मान्य. जाताना नियमाचा काय संबंध? फोक्सवॅगन २०१६ ला गेली ती डिझेल घोटाळ्यात अब्जावधीचा दंड भरायची वेळ आली म्हणून, त्या अवस्थेत रॅलीवर पैसे घालवतोय हे दाखवणंच अवघड. २०१७ चा नियम त्यांना आवडलेलाच होता की, नायतर गाडी कशाला बनवली असती. सुबारू आणि सुझुकी दोघी डिसेंबर २००८ ला गेल्या, एकाच महिन्यात. काय झालं होतं २००८ ला? जगभर मंदी. सुझुकीनं तर एसएक्स४ घेऊन एकच पूर्ण सीझन खेळला होता, आपल्याकडं तेव्हा एसएक्स४ लग्नात नवरदेवाला मिळायची. २००५ संपताना प्यूजो-सिट्रोएन, मित्सुबिशी, स्कोडा सगळ्यांनी हात वर केले, तेव्हा पण धंद्याचं गणित. २००९ आणि २०१० ला फक्त फोर्ड आणि सिट्रोएन उरले होते खरे कंपनीवाले.

थोडक्यात नियम बदलणाऱ्यांना उगाच शिव्या घालण्यात अर्थ नाही. मालकाच्या खिशाला चाट बसली की पहिल्यांदा रॅलीचं दुकान बंद होतं.

घाटवेडा_सातारा

@मिरजेचा_डबा पटतंय, पण मग एक सांगा. मंदी संपली की कंपन्या परत यायला पाहिजेत ना? २०११ ला १६०० सीसीचा नियम आणला तेव्हा मिनी आली, फोक्सवॅगन आली, ह्युंदाई २०१४ ला आली. २०१७ ला गाड्या ३८० हॉर्सपॉवरच्या आणि मोठ्या पंखांच्या केल्या तेव्हा टोयोटा आली. २०२२ ला मात्र कुणीच नाय. त्या वर्षी असं काय वाकडं झालं?

कुपवाड_शॉपफ्लोअर

मी सांगतो, जरा मोठं होईल, लंच टाइममध्ये लिहितोय त्यामुळं शुद्धलेखन बघू नका.

आमचं कुपवाड एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, कास्टिंगचं मशीनिंग करतो आम्ही. आमच्या धंद्यात पैसा पार्टमध्ये नसतो, पैसा असतो पॅटर्न, फिक्स्चर, गेज आणि पहिला पीस पास होईपर्यंत जे महिने जातात त्यात. ते पैसे वसूल कधी होतात तर ते ड्रॉइंग बदलल्याशिवाय काही वर्षं चाललं तर. एका मोठ्या पार्टीनं आमचं एक ड्रॉइंग फिक्स्चर बनवून झाल्यावर रिव्हाइज केलं होतं, तेव्हापासून रिव्हिजन हा शब्द आला की आमचा फोरमन पाणी प्यायला जातो. तर रॅलीची गाडी बनवणाऱ्याचं गणित काय वेगळं नाही. सुरुवातीचा खर्च ढीगभर, आणि तो नियम किती वर्षं टिकणार यावर भागायचा. टिकणार पाच वर्षं तर एक भाव, टिकणार का नाही तेच माहिती नाही तर कुठला फायनान्सवाला सही करणार.

आता २०२२ च्या रॅली१, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गाच्या गाड्या बघा. नळीचा स्पेसफ्रेम, त्यावर १०० किलोवॉटची हायब्रिड किट, बूस्ट धरून ५०० च्या वर हॉर्सपॉवर, वजन १२६० किलो. एका गाडीचा आकडा दहा लाख युरोच्या घरात सांगितला जायचा. बरं ती हायब्रिड किट कुणाची? कंपनीची स्वतःची नाही, कॉम्पॅक्ट डायनॅमिक्स नावाच्या एका सप्लायरची, सगळ्यांना तीच, सीलबंद. गाडी जोरात आपटली की ती किट टीमनं उघडायची नाही, जर्मनीला परत पाठवायची. गाडीवर हिरवा दिवा असल्याशिवाय कुणी गाडीला हात लावायचा नाही कारण आत हाय व्होल्टेज. म्हणजे खर्च तुमचा, डोकेदुखी तुमची, आणि टेक्नॉलॉजी दुसऱ्याची.

आणि मुख्य मुद्दा २०२४. त्या एका वर्षात काय काय झालं ते बघा, फेब्रुवारीत एफआयएनं (नियम ठरवणारी जागतिक संस्था) सांगितलं की २०२५ पासून रॅली१ मधनं हायब्रिड काढणार, पंख पण कमी करणार. तिन्ही टीमनी आरडाओरडा केला कारण त्यांचं पुढच्या दोन वर्षांचं प्लॅनिंग झालेलं. जूनमध्ये सांगितलं बरं राहू दे, २०२६ पर्यंत आहे तसंच. आणि नोव्हेंबरात सांगितलं की हायब्रिड जातंय, २०२५ पासूनच. मग वजन ११८० वर आणलं, रिस्ट्रिक्टर (इंजिनात जाणारी हवा मापात ठेवणारं तोंड) ३६ चा ३५ मिलिमीटर केला. दोन महिन्यावर मॉन्टे कार्लो, सीझनची पहिली रॅली! आता तुम्ही एखाद्या कंपनीचे संचालक आहात आणि बाहेर बसून हे बघताय, याल का आत? म्हणून मिरजकरांना माझा विरोध आहे. ज्या आत आहेत त्यांचं जाणं मंदीमुळं असेल, पण ज्या आल्याच नाहीत त्यांची बातमी होत नाही. न येणाऱ्या कंपनीचा प्रेस नोट निघत नाही म्हणून आपल्याला वाटतं नियमाचा काय संबंध.

मिरजेचा_डबा

हे न येणाऱ्यांचं डोक्यात आलं नव्हतं, पॉइंट आहे. तरी पण आकडा दहा लाख युरोवरनं पाच लाखावर आणला तरी ज्याला यायचंच नाही तो येणार नाही. प्रेक्षक किती, टीव्हीवर कोण बघतंय, ते बघा आधी. फॉर्म्युला वनमध्ये दरवर्षी नियमावरून भांडणं, तिथं ऑडी पैसे घेऊन दारात उभी राहिलीच ना.

विट्याचा_बकासूर_फॅन

रॅलीतलं मला लय कळत नाय पण हे होमोलोगेशन वाचून हसायला आलं, हे तर आमच्या बैलगाडीच्या मैदानासारखंच निघालं. आदत, दुसा, ओपन असे गट असत्यात, दात बघून ठरवायचं. आदतचं मैदान ठेवलं की कोवळी खोंडं घेऊन नवीन नवीन पोरं येत्यात, नुसतं ओपन ठेवलं की तेच चार मोठे मालक, लाखांची बैलं घेऊन. आणि दात बघणाऱ्या पंचाला फसवायचे प्रकार पण चालत्यात, कसे ते इथं लिहीत नाय 😂

कराडचा_गिअरबॉक्स

@विट्याचा_बकासूर_फॅन अरे भावा, पंचाला फसवायचा सगळ्यात भारी किस्सा रॅलीतलाच हाय, ऐक. १९९५ ला नियम होता टर्बोच्या तोंडाला ३४ मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे हवा मापात जाणार आणि ताकद ३०० हॉर्सपॉवरच्या आसपास राहणार. टोयोटानं सेलिकाला असा रिस्ट्रिक्टर बसवला की पाइपाचा क्लँप आवळला की आतल्या स्प्रिंगमुळं तो जाग्यावरनं सरकायचा आणि बाजूनं जास्तीची हवा आत जायची. तपासायला पाइप काढला की गडी परत जाग्यावर, माप बरोबर. सापडल्यावर १२ महिन्यांची बंदी. पण कारागिरी इतकी नाजूक होती की तपासणाऱ्यांनी पण तोंडात बोट घातलं.

आणि तरी बंदी भोगून टोयोटा १९९७ ला परत आली, कारण नवीन नियमात साधी कोरोला चालत होती. म्हणून मी म्हणतोय, दार कुठल्या मापाचं ठेवलंय ते बघा.

सांगलीकर_पुण्यात

मी पुण्यात एका वाहन कंपनीत प्रॉडक्ट प्लॅनिंगला आहे (नाव सांगणार नाही, सांगलीची आहे एवढं पुरे 🙂). कुपवाडच्या दादांनी खर्चाचं बरोबर सांगितलं पण वरच्या मजल्यावर प्रश्न खर्चावरून सुरूच होत नाही. पहिला प्रश्न असतो की यातून आपण काय विकणार? आणि दोनच उत्तरं चालतात.

एक, "ही टेक्नॉलॉजी आमची आहे". ऑडीचं क्वाट्रो, सुबारूचं फोर व्हील ड्राइव्ह. २०२२ च्या हायब्रिडमध्ये हे मेलं कारण सगळ्यांच्या गाडीत एकच सीलबंद डबा. जाहिरातीत काय लिहिणार, आमच्या गाडीत सप्लायरची तीच किट जी शेजाऱ्याच्या गाडीत? टोयोटाला आधीपासून हायब्रिड विकायच्या होत्या तरी त्यांनी लोकांच्या लक्षात राहील अशी गाडी कुठली काढली, तर जीआर यारिस, त्यात हायब्रिड औषधाला नाही, तीन सिलिंडरचा १६०० टर्बो आणि फोर व्हील ड्राइव्ह. ती काढली होती रॅलीच्या होमोलोगेशनसाठी, आणि त्यावरची रॅली कार कोविडमध्ये रद्द झाली तरी रस्त्यावरची गाडी हातोहात गेली.

दुसरं उत्तर, "गाडीच विकणार". हे स्कोडानं केलं आणि त्याच्यावर कुणी फारसं बोलत नाही. २००५ नंतर स्कोडा टॉप क्लासमध्ये नाहीच. पण आर५ म्हणजे आताचा रॅली२ हा वर्ग आला, किमतीला वरची मर्यादा, सुरुवातीला १,८०,००० युरो, आणि तयार गाडी कुणी पण प्रायव्हेट ड्रायव्हर विकत घेऊ शकतो. स्कोडानं फाबिया शेकड्यांनी विकल्या. मागनं फोर्ड, ह्युंदाई, सिट्रोएन, फोक्सवॅगन, २०२४ ला टोयोटाची यारिस रॅली२, आणि आता लान्सिया इप्सिलॉन घेऊन परत आली ती पण याच वर्गात. वरच्या वर्गात तीन आणि खालच्या वर्गात निम्मं युरोप, हे बघूनच कळतं कुठला नियम कामाचा आहे. स्पेअर पार्टवर कमाई वेगळीच, प्रत्येक आपटलेली गाडी म्हणजे ऑर्डर. तिथं रॅलीवाला विभाग वर्षाच्या शेवटी हिशोब घेऊन जातो तेव्हा मान खाली घालून जावं लागत नाही.

घाटवेडा_सातारा

ताई एक नंबर. आपल्याकडं मग हे का होत नाय? महिंद्रा होती की, गौरव गिल एक्सयूव्ही५०० आणि मग एक्सयूव्ही३०० पळवायचा, भारी वाटायचं. नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचं पठार, पाटणकडचे कच्चे रस्ते, रॅलीला देवानंच करून ठेवलंय सगळं.

सांगलीकर_पुण्यात

रस्ते आहेत, गिऱ्हाईक नाही. आयएनआरसी, म्हणजे आपली राष्ट्रीय रॅली चॅम्पियनशिप, १९८८ पासून चालू आहे, आधी जिप्सी, मग एस्टीम, सीडिया, मग पोलो. एस्टीम आणि सीडिया तर कंपनीनं बनवायच्या बंद केल्यावर पण वर्षानुवर्षं रॅलीत पळायच्या, कारण ट्यूनरला (गाडी रॅलीसाठी तयार करून देणारा) त्या गाडीचा कोपरा न् कोपरा माहिती आणि पार्ट स्वस्त. कंपनीच्या नजरेतून बघ, बंद झालेली गाडी जिंकतेय, यात मी काय विकू? एवढ्या वर्षांत कायम टिकून राहिली ती एमआरएफ, कारण टायर प्रत्येक गाडीला लागतो, नियम कुठला पण असो. गिल एशिया-पॅसिफिकचा तीन वेळा चॅम्पियन झाला तो पण एमआरएफच्या टीममधून, स्कोडा चालवून.

आणि चाळकेवाडीचं नाव काढू नकोस रे, शेजारी कास आहे, फुलांच्या दिवसात आधीच गाड्यांची रांग लागते.

कुपवाड_शॉपफ्लोअर

२०२७ बद्दल कुणी बोललं नाही म्हणून परत आलो, सेकंड शिफ्टला आहे आज. नवीन गाडीला किमतीची मर्यादा ३,४५,००० युरो ठेवलीय, आपले साडेतीन कोटीच्या पुढंमागं. ताकद ३०० हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी होती तेवढ्यावर परत. सस्पेन्शन, ब्रेक वगैरे बरंचसं सामान रॅली२ च्या गाडीतलं वापरायचं. नळीचा सेफ्टी सेल, त्यावर बॉडी कसली पण घाला, खऱ्या गाडीची, नायतर स्वतःच्या डिझाइनची. आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे गाडी बनवायला मोठी कंपनीच पाहिजे असं नाही, ट्यूनर पण बनवून रजिस्टर करू शकतो. आणि हाच साचा दहा वर्षं ठेवणार असं सांगितलंय, २०२४ बघितल्यावर त्यांच्या दहा वर्षांवर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्यानं ठरवा.

कराडचा_गिअरबॉक्स

मला इथंच भीती वाटती. बॉडी कसली पण घाला म्हणजे मग होमोलोगेशनची गंमतच गेली. रस्त्यावरची गाडी रॅलीसाठी बनवायचं कारणच संपलं. इव्हो, डेल्टा इंटिग्राले, जीआर यारिस असलं काय परत येणार नाय, लिहून घ्या.

मिरजेचा_डबा

ते कधीच संपलंय, १९९७ लाच संपलं. तुम्हीच वर लिहिलंय.

कुपवाड_शॉपफ्लोअर

@कराडचा_गिअरबॉक्स तुमचं दुःख मला कळतंय पण ३०० हॉर्सपॉवरची गाडी साडेतीन कोटीत आणि तिच्याच शेजारी रॅली२ पण पळणार, दोन्ही एकाच स्टेजवर, तर एखाद्या ओल्या-चिखलाच्या रॅलीत चांगला ड्रायव्हर फाबिया घेऊन टोयोटाला कापू शकतो. तसं दोन-तीनदा झालं की स्कोडाचे मार्केटिंगवाले पहिल्या विमानानं प्रागहून निघतील. बाकीचं उद्या, मशीनवर जॉब चढलाय.